श्रीरंगची आंबट बिअर

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
डिसेंबर १९८६

प्रिय दीपा,

रागावली असशील. मार्चमधल्या तुझ्या त्या फोननंतर माझ्याकडून दोन ओळींच्या खुशालीपलीकडे काही आलं नाही. आता नंदू शनिवारी निघतोय, तेव्हा बसून सगळं एकदाचं लिहून टाकते. नंदू म्हणजे श्रीरंगचा मामेभाऊ, इथे एम.एस. करायला आलाय. नाताळच्या सुट्टीत पुण्याला चाललाय, तिथून कऱ्हाडला येऊन हे पत्र तुझ्या हातात देईल. त्याला पोटभर खायला घाल, बिचारा इथे पावावर दिवस काढतो. पत्र मात्र सासूबाईंसमोर उघडू नकोस, कारण यात पहिल्यापासून शेवटपर्यंत बिअर आहे.

घाबरू नकोस, मी प्यायला लागलेले नाही. तुझे भाऊजी बिअर करायला लागलेत. प्यायला नाही म्हणत मी, करायला. घरात, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या भांड्यांत. इथे म्हणे काही वर्षांपूर्वी कायद्यानेच परवानगी दिली आहे, की घरच्यापुरती बिअर ज्याची त्याने करावी. कायदा करणाऱ्यांच्या बायकांना कुणी विचारलं होतं का, देव जाणे. त्या बिअरपायी गेला महिनाभर आमच्या घरात एकच भांडण चालू होतं: या घरात श्रीरंगची बिअर राहणार की माझं दही. हो, दही. आईने मला इकडे येताना बांधून दिलेल्या विरजणाचं. तू हसशील. दुसऱ्या कुणाच्या घरातलं असतं तर मीही हसले असते.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात याची सुरुवात झाली. श्रीरंगच्या कंपनीत वॉल्टर म्हणून एक टेक्निशियन आहे, मोठ्या पोटाचा, मोठ्या मनाचा माणूस. त्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं आणि स्वतः केलेली बिअर श्रीरंगला दिली. तुला माहीत आहे, हा माणूस दिवाळीच्या पार्टीत अर्धा कॅन घेतो आणि उरलेला अर्धा कुंडीत ओततो. पण त्या दिवशी ग्लास उजेडात धरून बघत बसला. परत येताना गाडीत मला एक शब्द बोलू दिला नाही. एकच घोष, वॉल्टर हे गॅरेजमध्ये करतो, विनी, गॅरेजमध्ये. मी तर क्लीनरूममध्ये काम करतो. क्लीनरूम म्हणजे त्यांची कॉम्प्युटरच्या चिप्स करायची खोली. तिथे धुळीचा कणसुद्धा चालत नाही, म्हणून हे सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे झगे घालून वावरतात. बिअरचं सगळं गणित स्वच्छतेचं आहे, असं वॉल्टरने सांगितलं होतं, आणि स्वच्छता हा तर आपला धंदाच, असं याने ठरवून टाकलं. ज्या माणसाचे मोजे मी रोज सोफ्याखालून काढते, तो मला स्वच्छतेवर व्याख्यान देत होता.

पुढच्या शनिवारी सामान आलं. झाकणाची प्लॅस्टिकची बादली, हवा बाहेर सोडायची एक वाकडी नळी, रबरी पाइप, बाटल्यांना पत्र्याची झाकणं दाबून बसवायचं एक यंत्र, आणि काकवीसारख्या दाट पाकाचा एक डबा. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, त्याचा गोड अर्क काढायचा, तो हा पाक. आपण नाचणीचं सत्त्व करतो ना, तसंच थोडंफार. मग तो पाक पाण्यात उकळायचा, त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकायची. त्याचा वास थेट वाईच्या वैद्यांच्या काढ्याचा. ते गार झालं की यीस्ट घालायचं, झाकायचं आणि हात जोडायचे. यीस्ट म्हणजे काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, विरजणच ग, बिअरचं विरजण. आणि ते कोमट पाण्यात जागं करायला ओव्हनमध्ये ठेवलं. इथल्या गॅसच्या ओव्हनमध्ये एक बारीक ज्योत कायम जळत असते, त्यामुळे आत ऊब राहते. मी रोज दही तिथेच लावते, इथल्या थंडीत दुसरी जागा नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की निदान त्याला माझ्या दह्याची जागा ठाऊक आहे.

तीन आठवडे घरात कुणाला मोठ्याने शिंकायची परवानगी नव्हती. मग बाटली उघडली. श्रीरंगने घोट घेतला, आणि दीपा, त्याचा चेहरा कैरीची फोड खाल्ल्यासारखा झाला. मी जिभेला लावून बघितलं. आंबट! आंबूस नाही, चक्क आंबट. तो म्हणाला, थोडी टार्ट आहे. शनिवारी मंडळी जमली तेव्हा सगळ्यांनी एकेक घोट घेतला, छान आहे यार म्हणाले, आणि माझ्या कुंड्यांना पुन्हा प्यावं लागलं.

आता शहाणा माणूस काय करील? सोडून देईल. किंवा वॉल्टरला विचारील. याने विचारलं नाही, कारण वॉल्टर टेक्निशियन आणि हा इंजिनिअर. याने ठरवलं की दोष सामानाचा आहे. प्लॅस्टिकला बारीक चरे पडतात, त्यात जंतू बसतात, म्हणून बादली गेली आणि काचेचा भलामोठा बुधला आला. दुसऱ्या खेपेची बिअर आंबट झाली. मग उकळायला माझं पातेलं लहान पडतं असा शोध लागला, आणि ज्यात शंभर माणसांची आमटी होईल असं स्टीलचं पातेलं आलं. ते माझ्या कुठल्याच कपाटात मावत नाही, म्हणून अजून जेवणाच्या टेबलाखाली असतं आणि जेवताना त्यावर पाय आपटतात. पुन्हा आंबट. मग म्हणे उकळलेलं पाणी लवकर गार होत नाही, तेवढ्यात जंतू शिरतात. आधी बाथटब बर्फाने भरून त्यात पातेलं ठेवायचा, आणि नेमकी तेव्हाच मला अंघोळ करायची असायची. नंतर तांब्याच्या नळीचं एक वेटोळं आणलं. एका टोकाने नळाचं गार पाणी आत, दुसऱ्या टोकाने गरम पाणी बाहेर, आणि ते बाहेरचं टोक एकदा सुटलं तेव्हा थेट माझ्या देवांवर. बाळकृष्णाला गरम पाण्याची अंघोळ झाली, एवढंच त्यातलं पुण्य.

ब्लीचचं तर विचारू नकोस. प्रत्येक वस्तू ब्लीचच्या पाण्यात बुडवायची. नळी, बुधला, बाटल्या, झाकणं, चमचे. माझ्या निळ्या कॉटनच्या साडीवर ठिपके पडले आहेत, तू दिलेली तीच. मग पाकाचा डबा हा नवशिक्यांचा प्रकार आहे असं वाचून याने अख्खा जव आणला आणि तो भरडायला माझा मिक्सर घेतला, आपल्याकडून आणलेला. त्यातून धूर निघाला. त्यावर तो शांतपणे म्हणाला की मोटर अंडरपॉवर्ड होती. मी त्या दिवशी जेवायला केलं नाही, आणि हा म्हणे, आपण पिझ्झा ऑर्डर करू, बिअरबरोबर मस्त लागतो. कुठल्या बिअरबरोबर?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची गोष्ट मी तुला मुद्दामच कळवली नव्हती. बायका बाहेर हॉलमध्ये बसलेल्या, मी तिळगूळ देत होते. आमच्याकडे दाराशी कोट टांगायचं एक छोटं कपाट आहे. त्यात खाली अंधारात श्रीरंगने बाटल्या मुरायला ठेवल्या होत्या, आणि मला सांगायचं विसरला होता. एकदम ठो आवाज झाला. मग दुसरा. मग ओळीने. आतला गॅस वाढून बाटल्या फुटत होत्या. मी दार उघडलं तर फेस वाहतोय, काचा पडल्यात, आणि सुमित्राकाकूंचा लोकरीचा कोट बिअरने ओलाचिंब. सुमित्राकाकू म्हणजे इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सगळ्यात सोवळ्या बाई, कांदासुद्धा चातुर्मासात घरात येऊ देत नाहीत. काकांना फोन लावून त्यांनी विचारलं की वाटेत पोलिसाने अडवलं आणि वास आला तर काय सांगायचं. मला धरणीने पोटात घेतलं असतं तर मी वाणाची ताटलीसुद्धा बरोबर नेली असती, परत यायचं कारण नको म्हणून. श्रीरंग काय म्हणाला सांगू? बाटल्या फुटल्या म्हणजे यीस्ट अ‍ॅक्टिव्ह आहे, हे गुड साइन आहे.

मग मार्च आला, आणि तुझा फोन.

त्याबद्दल मी आजवर तुझ्याशी बोलले नाही. आई गेली तेव्हा आमचे ग्रीनकार्डचे कागद अडकलेले होते. वकिलाने सांगितलं होतं की आत्ता देश सोडलात तर परत येता येईल याची हमी नाही. श्रीरंग म्हणाला, तू जा, पुढचं पुढे बघू. मीच गेले नाही. हे तुला ठाऊक आहे, तू त्यावर एक अक्षर बोलली नाहीस, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. तू सगळं एकटीने केलंस. दिवसकार्य झाल्यावर तू वाईचं घर आवरायला गेलीस आणि तिथून फोन केलास. आईच्या दागिन्यांचं, कपड्यांचं काही बोलली नाहीस. रडलीस ते दह्यासाठी. तू म्हणालीस, ताई, सगळ्या गडबडीत दह्याकडे कुणी बघितलंच नाही, वर हिरवी बुरशी आली होती, मला टाकून द्यावं लागलं, आईचं विरजण संपलं ग. आजीकडून आलेलं, आजीला तिच्या सासूकडून आलेलं, ते माझ्या हातून संपलं. लाइनवर माझाच आवाज मला परत ऐकू येत होता. मी नुसती हं हं करत राहिले आणि फोन कट झाला.

तुला वाटलं असेल, ताईला एवढं बोलता आलं नाही, की माझ्याकडे आहे ना. अगं, मला तसं वाटलंच नाही. खरंच सांगते. सात वर्षं झाली इथे येऊन. दूध इथलं, गाई इथल्या, हवा इथली. मला तर इथल्या सगळ्या बायकांनी सांगितलं होतं की आणलेलं विरजण पहिल्या वर्षातच मरतं, मग नाव आपलं आणि दही अमेरिकन. मला वाटलं, माझ्या पातेल्यात आता आईचं काय उरलंय? फक्त ती वाटी. आठवते ना, आईची विरजणाची छोटी स्टीलची वाटी, काठावर पोचा आलेली? मला निघताना तिने तीच दिली होती, तुझ्यासाठी दुसरी काढली होती. आणि तिचा नियमही दिला होता: ही वाटी साबणाने घासायची नाही, नुसत्या गरम पाण्याने विसळायची आणि पालथी घालायची. मी सात वर्षं ती तशीच वापरते. फोननंतर मी रोज संध्याकाळी त्या वाटीतून दही लावत होते आणि रडत होते, आणि त्या दह्यात ती आहे असं मात्र मला एकदाही वाटलं नाही.

श्रीरंगने त्या दिवसांत बिअरचं नाव काढलं नाही. बुधला कोपऱ्यात रिकामा होता. तो घरी येऊन वरणभात लावायचा, मला जेवायला बसवायचा. पण मी काही हलेना तशी जूनमध्ये त्याने वेगळाच उपाय काढला. म्हणाला, विनी, एकट्याने जमत नाही, तू मला असिस्ट कर. म्हणजे बघ, माझं दुःख हलकं करायला या माणसाला दुसरं काही सुचलं नाही, बाटल्या धुवायचं काम सुचलं. मी चिडले, पण धुतल्या. खरं सांगू, हात कामात होते तेवढा वेळ बरं वाटायचं. आम्ही दोघांनी मिळून केली, सगळं उकळलं, सगळं ब्लीच केलं, मी तर डोक्याला रुमाल बांधला होता. आणि दीपा, ती सगळ्यांत आंबट झाली.

इथे युनिव्हर्सिटीत मालिनी म्हणून एक मुलगी आहे, नागपूरची, सूक्ष्मजीवांवर पीएच.डी. करते. वीकेंडला आमच्याकडे जेवायला येते. नोव्हेंबरमध्ये ती आली तेव्हा श्रीरंगने तिला घोटभर दिली. तिने तोंड वाकडं केलं नाही. वास घेतला, पुन्हा चव घेतली आणि म्हणाली, श्रीरंगदादा, ही तर ताकासारखी लागते. मग तिने मनावरच घेतलं. बिअरचा नमुना नेला. पुढच्या वेळी कापसाचे बोळे घेऊन आली आणि बुधल्याच्या आत, नळीच्या आत, पातेल्याच्या काठाला, जिथे म्हणून हात जाईल तिथे फिरवून घेऊन गेली. श्रीरंगला तर मोठा आनंद, घरातच लॅब आली. आठवड्याने तिचा फोन आला. बुधला स्वच्छ. नळी स्वच्छ. बाटल्या, झाकणं, तांब्याचं वेटोळं, सगळं इतकं स्वच्छ की हॉस्पिटलने लाजावं. घाण फक्त बिअरच्या नमुन्यात आहे, तीही घाण नव्हे, दही. यीस्ट तुम्ही कशात भिजवता?

कशात भिजवत होता सांगू? आईच्या वाटीत. वर्षभर, प्रत्येक खेपेला. मी विचारलं, अरे, सगळं जग ब्लीचमध्ये बुडवलंस, ती वाटी का नाही बुडवली? तर खालमानेने म्हणाला, आईंची वाटी होती, विरजणाची, ती कशी ब्लीचमध्ये घालायची? मला वाटलं, यीस्ट म्हणजे विरजणच, ते विरजणाच्याच वाटीत लावावं. घरातली सगळ्यात शुद्ध वस्तू तीच ना. आता या माणसावर रागवायचं की याच्या पाया पडायचं, तूच सांग. एवढं सामान आणलं, एवढा मिक्सर जाळला, सुमित्राकाकूंचा कोट भिजवला, आणि जंतू सोडत होता स्वतःच्या हाताने, मोठ्या भक्तिभावाने.

भक्तिभाव दोन दिवस टिकला. मग इंजिनिअर जागा झाला. वाटी वेगळी ठेवली तर भागलं असतं, पण नाही. म्हणाला, सोर्स ऑफ कंटॅमिनेशन घरात आहे तोवर काही खरं नाही. दह्याचे जंतू हवेत, ओव्हनमध्ये, टॉवेलला, सगळीकडे असणार. महिनाभर दही पूर्ण बंद करू, वाटी उकळून घेऊ, किचन ब्लीचने पुसून काढू. मग पुन्हा सुरू कर हवं तर, दुकानातून योगर्टचा डबा आणू, त्याचं विरजण लाव. दही काय, सगळं सारखंच असतं.

सगळं सारखंच असतं म्हणाला ग.

मी कधी ओरडत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी ओरडले. जे सहा-आठ महिने गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं. की मी आईला बघायला गेले नाही, तुझ्या नोकरीपायी आणि त्या कागदांपायी. की दीपाने एकटीने सगळं निस्तरलं. की माझ्याकडे आईची एक पोचा आलेली वाटी आहे, आणि तीसुद्धा तुला उकळायची आहे, कशासाठी, तर कुंडीत ओतायच्या बिअरसाठी. बिअर राहील नाही तर दही, आणि दही गेलं तर मीही जाईन. तो गॅरेजमध्ये जाऊन गाडीत बसून राहिला. आमच्यात चार दिवस कामापुरतं बोलणं होतं. पण मी दही लावत राहिले, आणि तो रोज जेवताना मुकाट्याने खात राहिला. खरं तर त्यालाही सोडवत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा वाईला आला होता तेव्हा आईने वाढलेला दहीभात तीनदा मागून घेतला होता, आठवतं? आई महिनाभर सगळ्या आळीला सांगत होती.

मग मालिनी आली, तशी ठरलेलीच. घरातलं वातावरण बघून ती जरा बिचकली. आमच्या भांडणाचं मूळ कळल्यावर तिला वाटलं, एवढं तर आपण बघूच शकतो, सारखं असतं की नाही ते. दुकानातला योगर्टचा डबा आणि माझ्या पातेल्यातलं चमचाभर दही, दोन्ही घेऊन गेली. दोन दिवसांनी स्वतः घरी आली, फोनवर सांगितलं नाही. म्हणाली, विनीताताई, हे दुकानातलं नाही. त्याच्याशी याचा काही संबंध नाही. यात जे आहे ते त्या डब्यात नाहीच, आणि मी इथे बघितलेल्या कुठल्याच योगर्टमध्ये नाही. शंभर टक्के सिद्ध करायला मला तुमच्या आईंच्या घरचं दही लागेल. पण मला विचाराल तर तुम्ही जे आणलंत ते मेलेलं नाही. ते सात वर्षं जसंच्या तसं चालू आहे. एवढं चिवट आहे म्हणून तर दादांची बिअर एकदाही जगली नाही.

मी तिच्यासमोर हुंदके देऊन रडले. बिचारी घाबरून पाणी आणायला धावली. श्रीरंग दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसमधून लवकर आला आणि बुधला, पातेलं, वेटोळं, सगळा संसार उचलून गॅरेजमध्ये नेला. शेवटी वॉल्टर जिथे करतो तिथेच. तिथे आता एक जुना फ्रिजही आलाय, म्हणजे सुटका झाली असं समजू नकोस. आणि मला ऑर्डर मिळाली आहे, की गॅरेजमध्ये जाताना हात धुवायचे. यीस्टसाठी त्याने काचेची वेगळी वाटी आणली. त्याने नवं आणलेलं पहिलंच सामान, ज्यावर मी कुरकुरले नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. नंदू तुला पत्राबरोबर एक तपकिरी बाटली देईल, पत्र्याचं झाकण घट्ट बसवलेली. दचकू नकोस. बाटली बिअरची आहे, पण आत एक थेंबही नाही. आत आईच्या जुन्या पातळाचा तो तुकडा आहे, ज्यात दही भिजवून, सावलीत वाळवून तिने मला विरजण दिलं होतं. मी तो जपून ठेवला होता. मागच्या आठवड्यात मी तो आपल्या दह्यात बुडवला आणि वाळवला. मी कागदात गुंडाळणार होते, तर श्रीरंग म्हणाला, वाटेत दमट होईल, आईंची वस्तू अशी कशी पाठवतेस. त्याने बाटली उकळली, ओव्हनमध्ये कोरडी केली, चिमट्याने तुकडा आत सोडला आणि यंत्राने झाकण बसवलं. वर्षभरात त्या यंत्राने केलेलं एवढं एक काम धड झालं. नंदूने विचारलं, कस्टमवाल्याला काय सांगू, तर दोघेही एकदम म्हणालो, दही सांग. सासूबाईंची पाठ असेल तेव्हा झाकण उघड. कोमट दुधात तुकडा सोड, झाक, उबेला ठेव, रात्रभर हलवू नकोस. आईने तुझ्यासाठी काढलेल्या वाटीतच लाव. पहिल्या दिवशी पातळ लागेल, त्यातलंच चमचाभर घेऊन दुसऱ्या दिवशी लाव, आणि मग चव घे. मालिनीला सूक्ष्मदर्शकातून जे कळलं नाही ते तुला कळेल. माझी जीभ आता इथली झाली आहे, मला सांगता येत नाही. तू चव घे आणि मला सांग, आईचं आहे का. असेल तर फोन कर. नसेल तरी कर, दीपा. या वेळी मी नुसतं हं हं करणार नाही.

तुझ्या फोनकडे कान लावून बसलेली, तुझीच
विनीताताई